खेळाच्या तासाला तराजू कशाला?

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे दुसरे सरफोजी राजे (1798–1832) यांनी उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात अन्न आणि विद्या एकाच छपराखाली मिळत. आज मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा निघाली, की ताट विसरले जाते आणि सारा भार शारीरिक शिक्षणाच्या तासावर टाकला जातो. हे अन्यायाचे आहे आणि अशास्त्रीयही.

इंग्लंडमधील प्लिमथच्या तीन शाळांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एका शाळेत आठवड्याला 9 तास शारीरिक शिक्षण, उरलेल्या दोहोंत सुमारे 2 तास. तरीही मुलांची एकूण हालचाल जवळजवळ सारखीच भरली. शाळेत कमी खेळलेली मुले शाळेबाहेर अधिक खेळत होती. शालेय व्यायाम-उपक्रमांच्या 2009 मधील एकत्रित विश्लेषणातही बॉडी मास इंडेक्स घटल्याचे दिसले नाही.

मग हा तास निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. हृदय-फुफ्फुसांची क्षमता व हाडांची बळकटी हे त्याचे खरे फळ. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची हालचाल सांगते, ती यासाठीच. परंतु वजन हेच माप धरले, की काटा हलला नाही म्हणून तो तास गणिताला देणे सोपे होते. आणि स्थूल मूल मैदानावर आरोपी ठरते.

भारतात 5 ते 19 वयोगटातील लठ्ठ मुले 1990 मध्ये सुमारे 4 लाख होती. 2022 मध्ये ती सुमारे 1.25 कोटी झाली. याचा जाब ताटाला, शाळेच्या दारातील तळणाला आणि जाहिरातींना विचारावा. मैदान मुलांचे आहे. ते तराजूच्या स्वाधीन करू नये.