मुनीमचाचांची वही आणि आमचा संगणक

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना गणवेशाचे कापड पुरविण्याचा आमचा जुना धंदा. माल बहुतेक मालेगावचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. तोवर कापडावर विक्रीकर नसल्याने वहीखात्यावर भागत होते. कर आला तसा आम्ही संगणक घेतला, एक हुशार मुलगा ठेवला आणि वालिदसाहेबांच्या काळापासूनच्या मुनीमचाचांना ‘आता आराम करा’ म्हणून घरी बसविले.

पुढच्याच वर्षी एका कारखान्याचा माल परत आला. पहिल्याच धुण्यात कापड आटले, बाह्या मनगटाच्या वर चढल्या. संगणकात मीटर, भाव, तारीख सारे बिनचूक होते. कोणत्या यंत्रमागवाल्याचे कापड आटते, कोणाचे भिजवून मगच कापायला द्यावे, हे मात्र चाचांच्या खिशातल्या छोट्या वहीत होते. तीही उर्दूत, आणि आमच्या मुलाला उर्दू येत नाही. आधी का सांगितले नाही, असे चाचांना विचारले तर म्हणाले, “कुणी विचारलंच नाही, भाई.”

खरे म्हणजे विचारले असते तरी त्यांनी सांगितले असते का? सर्व सांगून टाकले की आपली गरज संपली, हे नोकर जाणतो. कारीगर हुनर लपवितो अशी तक्रार आपल्या बिरादरीत नेहमी होते. आम्हीही करीत होतो. पण ज्याला उद्याच्या पगाराची खात्री नाही त्याने पोतडी का उघडावी? दोष मालकाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव बनविण्याचे यंत्र काढायचे होते. यंत्रात कणीक नीट मळली जाईना. तेव्हा कंपनीतील इकुको तनाका या बाई ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिल्या. तो कणीक ताणताना पीळही देतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ते कोणत्याही कागदावर नव्हते. १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले. उस्तादाकडे शागीर्द बसतो तो हाच प्रकार, आपल्याला नवा नाही.

मोठ्या कारखान्यांना १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. दुकानदारावर तशी सक्ती नाही, म्हणून आपण मुनीम थकेपर्यंत थांबतो आणि मग संगणकवाल्याला बोलावतो. यंत्र घेण्याआधी ते चालविणाऱ्याला आणि ज्याचे काम त्यात जाणार त्याला, दोघांनाही समोर बसवावे. शिकविण्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, तो उपकार समजू नये.

आम्ही चाचांना परत बोलाविले, पूर्वीच्याच पगारावर, रोज दोन तास. ते वाचतात, मुलगा संगणकात प्रत्येक मागवाल्याच्या नावापुढे शेरा लिहितो. चाचांना आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि वहीची निम्मी पाने अजून बाकी आहेत.