आधी तुकडा, मग पिशवी

२०१६-१७ पासूनच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. २०१९मध्ये ही आकडेवारी विधान परिषदेत सरकारनेच दिली. ऊसतोडीला जाणाऱ्या अनेकजणी सांगत होत्या, ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले.’ या वाक्याबद्दल माझे काही मुद्दे:

१. ही भीती अनेकदा अंगावरून पांढरं जाण्यावरून घातली जाते, पण पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. अनेकदा तो जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. आणि गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू होणारा कॅन्सरआधीचा बदल सोनोग्राफीत दिसत नाही. तिथे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं. पांढरा चट्टा उमटला तर दुर्बिणीतून बघून तिथला तुकडा तपासायला पाठवायचा.

२. त्यानेही उलगडा झाला नाही, तर शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढतात, म्हणजे कोन बायोप्सी. घड्याळाचे बारा जिथे येतील तिथे डॉक्टर टाका घालतात, प्रयोगशाळेत कडांना शाई लावतात. रोग कोणत्या बाजूला कडेपर्यंत पोचलाय, ते त्यावरून कळतं. कडा स्वच्छ, आत शिरलेला रोग तीन मिलिमीटरपेक्षा कमी आणि रक्त-लसवाहिन्या मोकळ्या असतील, तर मूल हवं असलेल्या बाईला बहुधा एवढाच उपचार पुरतो. पुढे नियमित तपासणी हवी, आणि दिवस राहिल्यास मूल लवकर जन्मण्याचा धोका थोडा वाढतो, हेही तिला सांगायला हवं. उलट रोग खोल गेला असेल, तर नुसती पिशवी काढणं बहुधा अपुरं ठरतं. मोठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागतं. म्हणजे तुकडा न तपासता पिशवी काढली, तर निरोगी बाई विनाकारण फाडली जाते आणि आजारी बाईवर अर्धवट उपचार होतो.

३. ‘खेड्यात हे कुठे जमणार?’ जमलंय, तेही शेजारीच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने. दोष आढळलेल्यांची दुर्बीण-तपासणी, तुकडा, उपचार सगळं झालं. एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. निष्कर्ष २००९मध्ये छापून आले.

४. मागणी साधी आहे. जिल्हा रुग्णालयात दुर्बीण, तुकडा काढायचं लूपचं यंत्र आणि पॅथॉलॉजिस्ट हवा. कॅन्सरचं कारण देऊन पिशवी काढायची असेल, तर संमतिपत्राला तुकड्याचा अहवाल जोडलेला हवा. आणि तो अहवाल ऊसतोडीची टोळी निघण्याआधी हाती पडला पाहिजे. एकदा उचल घेऊन कोयत्यावर गेलेली बाई उन्हाळ्यापर्यंत परतत नाही.

५. तुमच्या घरात कुणाला कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायला सांगितलं, तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी पॅथॉलॉजीचा कागद मागा.