लंडनला राहतो म्हणजे नक्की कुठे राहतो?

मंडळी, हा लेख वाचून काहीजण रागावणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल रागवा, पण आधी पूर्ण वाचा. स्मरणिकेत दरवर्षी गणपतीच्या आठवणी येतात, आजीच्या हातच्या पुरणपोळीवर लेख येतात, परदेशात राहून आपण संस्कृती कशी जपली ते येतं. ते सगळं यावंच. मला मात्र यंदा एक तक्रार मांडायची आहे, आणि ती आपल्याबद्दलच आहे.

भारतातून कोणी विचारलं की आपण ऐटीत सांगतो, "आम्ही लंडनला असतो." खरंच असतो का? माझं म्हणणं असं, की आपल्यातली बरीच कुटुंबं लंडनला राहतच नाहीत. ती एका सेमी-डिटॅच्ड घरात, एका गाडीत, एका ऑफिसात आणि चार मित्रांच्या दिवाणखान्यांत राहतात. शनिवारी सकाळी मुलांची ट्यूशन, दुपारी कॉस्टको, येताना ईलिंग रोडवरून भाजी आणि कढीपत्ता, संध्याकाळी कोणाकडे तरी पॉटलक. रविवारी पोहण्याचा क्लास, मागचं गवत कापणं, इस्त्री आणि आठवड्याच्या डब्यांची तयारी. हा कार्यक्रम मिल्टन कीन्समध्येही करता येतो, आणि बराच स्वस्तात. मग एवढ्या महागड्या शहराच्या काठावर घर घेऊन आपण पंचवीस-पंचवीस वर्षं हप्ते कशासाठी भरतो आहोत?

शहर आपल्याला आठवतं ते पाहुणे आले की. मग ठरलेली वारी निघते: लंडन आय, मादाम तुसाँ, टॉवर ब्रिजवर फोटो, शेवटी बायस्टर व्हिलेज. सहाजणांची तिकिटं काढून झाली की यजमान हळूच क्रेडिट कार्डाचा हिशोब करतो आणि जाहीर करतो, "लंडन फार महाग आहे हो, सारखं सारखं नाही परवडत." लंडन महाग आहेच. पण आपण त्यातला नेमका महाग भाग विकत घेतो, आणि जे फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे तिकडे फिरकत नाही.

मी २००४ साली मास्टर्ससाठी इथे आलो. खिशात पैसे नव्हते, म्हणून शहर पायी आणि बसने पाहिलं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचं तसंच होतं. गंमत अशी, की पगार वाढला, पासपोर्टचा रंग बदलला, घराला लॉफ्ट चढला, आणि त्याच मित्रांचं शहर मात्र आक्रसत गेलं. ही काटकसर नाही आणि साधेपणाही नाही. ही पाहुण्याची वृत्ती आहे. कौन्सिल टॅक्स भरायचा मालकासारखा आणि वागायचं मात्र सामान बांधून बसलेल्या पाहुण्यासारखं!

याविषयी कोणाशी बोललं की चार सबबी ऐकायला मिळतात. त्या एकेक करून घेऊ.

पहिली सबब पैशांची. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचा कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम डिसेंबर २००१ पासून विनामूल्य आहेत. हे आपल्याला माहीत असतं, पण त्याचा अर्थ आपण लक्षात घेत नाही. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायला बघतो. पाच तास, पाच मजले, मुलं रडकुंडीला, पाय दुखलेले, आणि 'परत नको' अशी शपथ. फुकट म्युझियममध्ये वसूल करायला काही नसतं! एका खेपेला एकच दालन बघावं, चाळीस मिनिटांत बाहेर पडावं, बागेत बसून घरून आणलेले पराठे खावेत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ बघितला, झालं. पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी.

प्रवासाचंही तसंच. अकरा वर्षांखालच्या मुलांना लाल बस फुकट, आणि तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुलं ट्यूबमध्येही फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांना झिप कार्डावर बस फुकट. २०१६ पासून हॉपर भाडं आहे: पहिल्या बसला कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा पैसे पडत नाहीत. वुलिचची फेरीबोट तर १८८९ सालापासून फुकट माणसं आणि गाड्या थेम्सपार नेते आहे. आपण मात्र मध्य लंडनला गाडी काढायची, पार्किंग शोधत फिरायचं, आणि घरी येऊन शहराला शिव्या द्यायच्या.

दुसरी सबब वेळेची. मी कन्सल्टंट माणूस, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. मूल जन्मल्यापासून अठरा वर्षांचं होऊन युनिव्हर्सिटीला जाईपर्यंत आपल्या हातात ९३६ शनिवार-रविवार येतात. मूल आज दहा वर्षांचं असेल तर उरले ४१६. त्यातले भारताच्या वाऱ्यांचे, आजारपणाचे, परीक्षांचे, लग्न-बारशांचे वजा करा. महिन्यातून एक अर्धा दिवस मागितला तर वर्षाला बाराच खेपा होतात, आठ वर्षांत शहाण्णव. एवढंही जमत नसेल तर वेळ नाही असं म्हणू नका, इच्छा नाही असं म्हणा. आणि ऑफिस शहरात असेल तर शनिवारही लागत नाही. नॅशनल गॅलरी दर शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते. उन्हाळ्यात आल्बर्ट हॉलला प्रॉम्स सुरू झाले की उभ्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, बऱ्या हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा कमी पैशांत. जागतिक दर्जाचा वाद्यवृंद पाच-दहा हातांवर! तरी शुक्रवारी संध्याकाळी आपली धडपड ६.१२ ची गाडी चुकू नये म्हणून.

तिसरी सबब मुलांची. "त्यांना आवडत नाही हो, ती आयपॅड सोडत नाहीत." मुलांना काय आवडत नाही? रांग, कंटाळवाणी माहिती आणि 'हात लावू नको.' तेव्हा त्यांना बँक स्टेशनहून डीएलआरमध्ये बसवा. या गाडीला पुढे चालकाची केबिन नसते, त्यामुळे सर्वांत पुढच्या सीटवर बसून आपणच गाडी हाकल्याचा आनंद मिळतो. आयलंड गार्डन्सला उतरा. तिथे १९०२ साली खुला झालेला पादचारी बोगदा आहे. त्यातून थेम्सच्या खालून चालत पलीकडे ग्रिनिचला निघता येतं, आणि ग्रिनिचच्या टेकडीवरून अख्खं शहर दिसतं. बोगद्यात हाक मारली की आवाज कसा घुमतो ते मुलांना सांगावं लागत नाही. कॅनरी वॉर्फमध्ये दहा-दहा वर्षं काम करणाऱ्या आपल्या मित्रांना हा बोगदा माहीत नाही. तो त्यांच्या ऑफिसपासून फार तर तीन किलोमीटरवर असेल.

इथे खरा मुद्दा येतो. आपण मुलांना अकरावीप्लसची शिकवणी लावतो, गणिताची लावतो, व्हायोलिनची लावतो. पण हीच मुलं सोळा-सतराव्या वर्षी एकटी वॉटर्लूला उतरली की गोंधळतात, कारण त्यांनी शहर गाडीच्या मागच्या सीटवरून पाहिलेलं असतं. पुण्या-मुंबईचं ती दोन आठवड्यांचे पाहुणे, आणि जन्मले त्या लंडनचेही पाहुणेच. मग 'आमच्या मुलांना कुठलंच गाव आपलं वाटत नाही' अशी चिंता परिसंवादात कशाला व्यक्त करायची? गाव आपलं होतं ते त्यात भटकून. आपल्याला आपलं गाव कोणी शिकवणीला बसवून शिकवलं होतं?

चौथी सबब सर्वांत भारदस्त. "आम्हांला आपली संस्कृती जपायची आहे, म्युझियमं बघून काय मिळणार?" या मंडळींसाठी एक खास रस्ता सांगतो. लिटिल व्हेनिसजवळ हावली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहत होते. चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला आले होते, ते दिवस. तिथून रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालत निघा. हाउसबोटी बघत, प्राणिसंग्रहालयाच्या अलीकडे वर चढून प्रिमरोझ हिलवर या, आणि टेकडी उतरून किंग हेन्रीज रोड गाठा. तिथल्या दहा नंबरच्याच घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतलं आणि आज ते स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. दोन्ही घरांचा नंबर दहा, मधे रमतगमत दीड-दोन तासांचं चालणं, खर्च फक्त ट्यूबचा. मराठी माणसासाठी याहून चांगली सहल या शहरात मला तरी माहीत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी ती केली आहे?

वाघनखांचंही तेच. २०२३ साली करार झाला आणि २०२४ च्या जुलैमध्ये ती व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमकडून साताऱ्याला प्रदर्शनासाठी गेली, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिमानाच्या संदेशांचा पूर आला होता. ती महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं म्युझियमनेच सांगितलं, त्यावर वादही रंगला. वाद घालणाऱ्यांतले माझ्या ओळखीचे निम्मे लोक साउथ केन्सिंग्टनच्या त्या दारातून कधी आत गेलेले नव्हते. रोज बसने हाइड पार्क कॉर्नरवरून जाणाऱ्यांनाही समोरचं ॲप्स्ली हाउस कोणाचं ते विचारून बघा. ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचं. इतिहास आपल्या बसच्या खिडकीबाहेर उभा असतो आणि आपण फोनवर इतिहासाचे फॉरवर्ड वाचत असतो.

आता थोडं आई-बाबांबद्दल. सहा महिन्यांच्या व्हिसावर ते येतात. आपण ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि ते काचेच्या खोलीत बसून शेजाऱ्याचं गवत बघतात. त्यांना एकदा बस समजावून द्या. आमच्या परिचयातले एक काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना मुलाने फक्त एक कार्ड आणि रूटचा नकाशा दिला. महिनाभरात काका २४ नंबरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसून हॅम्पस्टेड हीथपासून ट्रॅफल्गर स्क्वेअर, पार्लमेंट करत पिम्लिकोपर्यंत जाऊन यायला लागले. ड्रायव्हर थांब्याला गाडी कशी लावतो यावर ते रात्री जेवताना अर्धा तास बोलत. त्या घरात त्या वर्षी 'बाबांना करमत नाही' हे वाक्य कोणी उच्चारलं नाही.

सगळ्यांचं आयुष्य सोपं नसतं हे मला कळतं. व्हिसाची टांगती तलवार, कंत्राट संपण्याची धास्ती, रात्रपाळी, लहान बाळ, घरात आजारपण. अशांना मी काही म्हणत नाही. माझं भांडण आहे ते 'पुढे बघू' म्हणणाऱ्यांशी. आधी मॉर्गेज, मग एक्स्टेन्शन, मग मुलांचं जीसीएसई, मग बघू शहर! तोवर गुडघे बोलायला लागतात आणि मुलं मँचेस्टरला गेलेली असतात.

आणि एक मागणी आपल्या मंडळाकडे. गणपती, दिवाळी, संक्रांत, नाटक हे सगळं चालू राहू दे. पण वर्षभर आपण भेटतो ते भाड्याच्या हॉलमध्ये, जिथे खिडकीबाहेर कुठलं शहर आहे ते कळतही नाही. महिन्यातून एक रविवार मंडळाने मोकळ्या हवेत काढावा. शहराभोवती कॅपिटल रिंग नावाची ७८ मैलांची पायवाट आहे, तिचे पंधरा टप्पे आहेत. महिन्याला एक टप्पा घेतला तर सव्वा वर्षात आपली लंडनची प्रदक्षिणा पूर्ण होईल! सप्टेंबरात ओपन हाउस असतं. १९९२ पासून चाललेल्या या उपक्रमात एरवी बंद असलेल्या इमारती लोकांना फुकट बघता येतात. त्याची यादी मंडळाच्या पत्रकात छापावी. यासाठी समिती, उपसमिती, अध्यक्षीय भाषण काहीही लागत नाही. पाण्याची बाटली आणि बरे बूट लागतात.

माझं म्हणणं पटलं नसेल तर जरूर भांडायला या. मात्र हॉलवर नको. वसंत ऋतूतल्या एखाद्या रविवारी, सकाळी दहा वाजता, लिटिल व्हेनिसच्या पुलावर या. हावली प्लेसहून किंग हेन्रीज रोडला पोहोचेपर्यंत भांडायला भरपूर वेळ आहे. चिवडा मी आणतो.