साखरेचा आकडा वाचणार कोण?

म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत काढली आणि पनवेलजवळचे कोन हे गाव मुंबईकरांच्या तोंडी झाले. अशा वाढत्या वस्त्यांत मोबाइल आधी पोहोचतो, आरोग्यसेवा मागून येते. गर्भावस्थेतील मधुमेहाच्या बाबतीत हा विलंब घातक ठरू शकतो, कारण तो बहुधा लक्षणांवाचून येतो.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तातील साखर तपासली जाते. ती १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास मधुमेहाचे निदान होते. खरी कसोटी त्यानंतर लागते. आहार सांभाळून साखर वारंवार मोजावी लागते आणि दर खेपेस पनवेल गाठणे सर्वांना परवडत नाही.

येथे मोबाइल उपयोगी पडू शकतो. केंद्राची 'किलकारी' ही ध्वनिसंदेश सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. परंतु तो एकतर्फी संवाद आहे. ऑक्सफर्डमधील प्रयोगात ग्लुकोमीटरचे आकडे मोबाइलद्वारे थेट रुग्णालयात जात व तेथून सल्ला मिळे. २०१८ मधील निष्कर्षांनुसार साखरेचे नियंत्रण नेहमीच्या उपचारांइतकेच राहिले. सिझेरियनचे प्रमाण मात्र कमी दिसले.

तात्पर्य, आकडा पाहून वेळीच सल्ला देणारे माणूस पलीकडे हवे. हे काम आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सोपवायचे, तर त्यांना ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि पुरेसे मनुष्यबळ द्यावे लागेल. घरातला एकमेव मोबाइल पतीच्या खिशात कामावर जात असेल, तर त्याचाही विचार योजनेतच व्हायला हवा.