शाकाहारी की मांसाहारी, एवढे विचारून भागत नाही




25 डिसेंबर 2025 पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. पहिल्याच टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय असलेला विमानतळ रायगड जिल्ह्यात उभा राहिला, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. त्याचे नाव, तिथवरचे रस्ते, भूमिपुत्रांच्या नोकऱ्या यांवर भरपूर लिहिले गेले आणि ते लिहिले जायलाच हवे होते. मला एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. ज्यांना एखाद्या पदार्थाची जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे, त्यांनी विमानात कोणाच्या भरवशावर बसायचे?

माझ्या मुलाला कोळंबीची तीव्र ॲलर्जी आहे. किनाऱ्यावरच्या गावात हे सांभाळणे किती कठीण, ते इथल्या गृहिणींना सांगायला नको. कोळंबी काही फक्त कालवणात नसते. वांग्यात सोडे पडतात, बिरड्यात सोडे पडतात, भोपळ्याच्या भाजीत मूठभर जवळा जातो. वाळवून किंवा तळून तिच्यातले ॲलर्जी आणणारे प्रथिन नाहीसे होत नाही. म्हणून आमच्याकडे त्याची कढई वेगळी, पळी वेगळी. शेजारणी आपणहून सांगतात, "वहिनी, आज भाजीत जवळा आहे हो, त्याला देऊ नका." आमच्या आळीत ही काळजी कोणत्याही कायद्यावाचून घेतली जाते. मात्र त्याचे विमानाचे तिकीट काढताना कंपनीच्या मदत क्रमांकावर चौकशी केली, तेव्हा उत्तर आले, "मग व्हेज घ्या ना, मॅडम."

सगळे दुखणे या उत्तरात आहे. आपल्याकडे विमानात जेवणाचा विचार आवडनिवड आणि श्रद्धा यांच्या अंगाने होतो. जैन प्रवाशाला कांदा-लसूण नसलेले जेवण मिळते, मधुमेह्यासाठी वेगळे ताट मागवता येते. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती नेटाने पाळली जाते. मग हीच दक्षता ॲलर्जीच्या रुग्णाच्या वाट्याला का येऊ नये? त्याला बहुतेक वेळा ‘पदार्थ ॲलर्जीमुक्त असल्याची हमी देता येत नाही’ एवढे एक वाक्य मिळते. कोळंबी टाळायला शाकाहारी जेवण एक वेळ उपयोगी पडेल. पण ज्याला शेंगदाणा, काजू, तीळ किंवा दूध चालत नाही त्याने काय करायचे? आपल्या शाकाहारी स्वयंपाकात कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत दाण्याचा कूट असतो आणि ग्रेव्ही काजूची असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्याबद्दल काहीही सांगत नाही.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. पण गरम जेवणाचा डबा आसनापुढे येतो तेव्हा ही माहिती प्रवाशाच्या हाती असेलच असे नाही. शिवाय त्या यादीत तीळ नाहीत.

तीळ काय करू शकतात हे जगाने 17 जुलै 2016 रोजी पाहिले. नताशा एडनान-लापेरूज ही 15 वर्षांची मुलगी लंडनहून नीसला निघाली होती. हीथ्रो विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते. वडिलांनी विमानातच तिला ॲड्रेनालिनची दोन इंजेक्शने दिली, तरी ती वाचली नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक छापणे बंधनकारक झाले.

अंगावर गांधी उठल्या की आपण आमसुलाचे पाणी लावतो आणि बहुतेकदा तेवढ्याने भागते. तीव्र ॲलर्जी मात्र घसा आवळते आणि रक्तदाब कोसळवते. अन्नामुळे ओढवलेल्या अशा मृत्यूंचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, त्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यकाल अर्धा तास निघाला. ऐन उंचीवरचे विमान तातडीने जवळच्या धावपट्टीवर उतरवायचे म्हटले तरी जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणजे उपचार विमानातच व्हायला हवा.

सगळ्यांच्या हातातले काजू काढून घ्या, असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणासाठी तज्ज्ञांनी केलेला आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याचे कण विमानाच्या हवेतून पसरून झटका येतो याला पुरावा नाही, खरा धोका आसनावर, ट्रेवर, हाताळलेल्या पृष्ठभागावर राहिलेल्या अंशाचा आहे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा असा प्रवासी आधी आत जाऊन आपली जागा पुसून घेऊ शकला तरी बराच धोका टळतो. अमेरिकेत 2019 पासून ही सवलत हक्काची मानली जाते. कॅनडात 2010 मध्येच नियामकाने शेंगदाण्याच्या आणि सुक्यामेव्याच्या तीव्र ॲलर्जीला अपंगत्व मानून त्या प्रवाशाभोवती सुरक्षित पट्टा ठेवायला विमान कंपनीला सांगितले. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ॲलर्जी नाही, त्यामुळे आपल्या रुग्णाला त्या कायद्याचाही आधार मिळत नाही.

‘असे रुग्ण असतात तरी किती?’ असे कोणी विचारेल. कर्नाटकातील प्रौढांच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अन्नाची संभाव्य ॲलर्जी 1.2 टक्के लोकांत आढळली. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावला, तर दीड-दोनशे प्रवाशांच्या विमानात दोघे-तिघे निघतील. सगळ्यांची ॲलर्जी जीवघेणी नसते, पण कोणाची आहे हे आधी विचारल्याशिवाय कळणार कसे?

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. 2021 मध्ये करोनाची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत होते ते याच तीव्र झटक्याच्या भीतीने. आपल्या गावातल्या लसीकरण सत्रात आरोग्यसेविकेजवळ त्यासाठी ॲड्रेनालिनची कुपी असते आणि गरज पडली तर स्नायूत पहिला डोस देण्याचे शिक्षण तिला दिलेले असते. जे उपकेंद्रातल्या ताईंना शिकवता येते, ते विमानातल्या कर्मचाऱ्यांना का शिकवता येणार नाही? परदेशात मिळणारे तयार पेनसारखे इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही, मग तर विमानातल्या तयारीची गरज आणखी वाढते.

रुग्णानेही आपली जबाबदारी घ्यावी हे मला मान्य आहे. घरचा डबा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि इंजेक्शन हाताशी ठेवणे हे त्याचे काम. पण डब्यात काय आहे हे सांगणे कंपनीचे काम आहे आणि ते तिच्याकडून करवून घेणे सरकारचे.

केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ आपल्या पुण्याचे आहेत. त्यांना आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला माझी विनंती आहे की, तिकीट काढतानाच ॲलर्जी नोंदवण्याची सोय, मागितल्यास प्रत्येक जेवणाची घटकांची यादी, आधी आत जाण्याची मुभा आणि ॲड्रेनालिन देऊ शकणारा किमान एक प्रशिक्षित कर्मचारी या गोष्टी प्रत्येक विमान कंपनीवर बंधनकारक कराव्यात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्या वाचकांनीही आपल्या खासदारांना याबद्दल पत्र जरूर लिहावे.

— एक वाचक, रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड