विद्यापीठांतील पंडित आणि गांवचा जमाखर्च

विद्यापीठांतील अध्यापक खेड्यांत येऊन शेतकऱ्यांस जमीन, कर्ज, पीक व घरखर्च यांविषयीं प्रश्न विचारूं लागले म्हणजे दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, या पुस्तकी लोकांस शेतींतलें काय कळतें? कोणी मनांत धास्ती बाळगतात, कीं खरे आंकडे सांगितले तर उद्यां सरकारदेणें वाढेल. ही उपेक्षा व ही धास्ती, दोन्ही आमच्या मतें शेतकरीवर्गाच्या हिताच्या नाहींत.

अशा संशोधनाचा आपल्याकडील पाया पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं घातला. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवची त्यांनीं सहकाऱ्यांसह केलेली चौकशी १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. १७७१ सालीं त्या गांवची सरासरी धारणा ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली, आणि त्यांचेही तुकडे शिवारभर विखुरलेले, असें तींत दिसून आलें. कुणब्याच्या दारिद्र्याचें खापर त्याच्या आळसावर व लग्नकार्यांतील उधळपट्टीवर फोडण्याची त्या काळीं वहिवाट होती. या एका गांवच्या हिशेबानें दाखविलें कीं, अत्यंत अनुकूल वर्षींही बहुतेक धारणांवर कुटुंबाचा निर्वाह होणें शक्य नव्हतें. शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें आंकड्यांनीं केलें.

पुढें १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं तेथील अभ्यासकांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाण्याचा आर्थिक परिणाम तपासला. तो अहवाल १९४८ सालीं निघाला. हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटील यांच्या बरोबरीनें प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणींत पडले व त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पंडित व शेतकरी एका बैठकीवर बसले म्हणजे काय होतें याचें याहून बोलकें उदाहरण नको.

परंतु निष्कर्ष खरे असले म्हणजे काम भागतें असें नाहीं. जमिनीच्या तुकड्यांचेंच पाहावें. १९२७ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत लहान धारणांविषयींचें बिल आलें, तें विरोधामुळें मागें पडलें. तुकडेबंदीचा कायदा झाला तो १९४७ सालीं. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्राची सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर, भरली. वाटण्या थांबल्या नाहींत. कारण जमीन सोडणाऱ्या धाकट्या भावानें पोटास काय मिळवावें, याचें उत्तर कायद्यांत नव्हतें. तें उत्तर त्या भावासच आधीं विचारावयास हवें होतें.

म्हणून अध्यापकमंडळींस आमचें सांगणें असें कीं, ज्या गांवचा हिशेब घ्यावा त्या गांवास तो मराठींत परत द्यावा व ग्रामसभेंत वाचून दाखवावा. इंग्रजींत छापून कपाटांत ठेवलेला ग्रंथ पदवीस उपयोगी पडेल. ज्याच्या संसारावरून तो लिहिला त्यास तो मिळालाच नाहीं तर काय उपयोग? वाचून दाखविल्यानें चुकाही तेथल्या तेथें दुरुस्त होतील.

आणि आपल्या शेतकरी बंधूंस आमची विनंति अशी कीं, उत्तरें खरीं द्यावीं. सावकाराचें देणें अब्रूसाठीं लपविलें तर कर्जाची गरज कमी दिसते. घरांतील बायकांची मजुरी हिशेबांत धरली नाहीं तर पिकाचा उत्पादनखर्च कमी दिसतो. मग भाव व कर्ज त्याच बेतानें ठरले तर दोष केवळ पंडितांचा म्हणतां येणार नाहीं. मात्र माहिती कशासाठीं हवी व नांव गुप्त राहील कीं नाहीं, हें आधीं विचारण्याचा हक्क प्रत्येकानें बजावावा.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरांत असून तेथील शिवारांत इमारती उभ्या आहेत. तरी तेथील कुणब्यांनीं मॅनसाहेबांस सांगितलेला जमाखर्च आजही आपल्या बाजूनें साक्ष देतो. आपल्या गांवचा जमाखर्चही तसाच खरा लिहिला जावा, हें आपल्याच हातीं आहे.