मोरीच्या पाण्यावर परसबाग



आपला बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांचे अर्धे दिवस टँकरची वाट पाहण्यात गेले.

असे डोक्यावर वाहून आणलेले पाणी आपण एकदा वापरतो आणि गल्लीत सोडून देतो. मग गल्लीत चिखल, चिखलात डास आणि ‘तुमचं पाणी आमच्या दारात आलं’ म्हणून शेजाऱ्यांशी भांडण!

मी पेशाने कारकून, म्हणून हिशेब मांडतो. घरात माणसे पाच. आंघोळीला माणशी १५ लिटरची बादली. रोजचे ७५ आणि महिन्याचे २,२५० लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. तिकडे दारातला शेवगा मात्र वाळतो.

पण सगळे सांडपाणी सारखे नसते. पहिल्या वर्षी मी धुण्याचे फेसाळ पाणी मिरचीच्या वाफ्यात सोडले. काही दिवसांत पाने कडेने करपली, माती दगडासारखी झाली. सौभाग्यवती म्हणाल्या, “पाणी मी आणायचं आणि मिरच्या तुम्ही जाळायच्या!” धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्याचा क्षार आपल्या काळ्या मातीत साठतो, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम ठरले. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मिरची-वांग्याला. आंघोळीचे पाणी केळी, पपई, शेवगा, कढीपत्त्याला. तेही बुडाशी, पानांवर नाही. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी झाडांना चालते, पण रोज एकाच झाडाला घालू नये. कोथिंबीर, मुळा, गाजर आपण कच्चे खातो. त्यांना मोरीचे पाणी नको. लहान मुलांचे लंगोट धुतलेले पाणी बागेत कधीच नको. आणि हे पाणी साठवू नये. दुसऱ्या दिवशी वास सुटतो.

पावडरीचे आणि भांड्यांचे तेलकट पाणी शोषखड्ड्यात सोडावे. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. खरकटे आधी गाळून घ्यावे. खड्डा विहीर आणि हापशापासून लांब असावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेतले, तेव्हा गल्ल्या कोरड्या झाल्या आणि डास हटले. रोजगार हमीतूनही हे काम घेता येते. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला. त्या पाण्याची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आज ते हंडाभर आणताना आपल्याच आया-बहिणींची मान मोडते. मग ते एकदाच वापरून गटारात का सोडावे?

यंदा आमच्या शेवग्याला भरपूर शेंगा आल्या. पहिली जुडी त्याच शेजाऱ्यांकडे पाठवली. आता गल्ली कोरडी आहे आणि भांडणही नाही.

जयभीम!